बाहुलीच्या पलीकडे

वाचकहो, डोळ्यांच्या दुखण्यांना आपल्या मराठीत किती नावं आहेत, ती एकदा मनाशी मोजून पाहा. डोळे येणं, रांजणवाडी, खुपऱ्या, वडस, फूल पडणं, मोतीबिंदू. ही यादी वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ही सारी दुखणी समोरच्या माणसाला दिसतात. डोळा लाल होतो, पापणीला गाठ येते, बुबुळावर पांढरा डाग पडतो, बाहुली पांढरी होते. शेजारीण येते, पाहते आणि रोगाचं नाव सांगते. एका काचबिंदूचा अपवाद सोडला, तर बाहुलीच्या पलीकडच्या रोगांना आपल्याकडे नावच नाही. रातांधळेपणा हा शब्द आहे खरा; पण तो तक्रारीचं नाव आहे, रोगाच्या जागेचं नव्हे.

मग डोळा बाहेरून स्वच्छ आहे, बाहुली काळीभोर आहे, आणि माणसाला तर दिसत नाही, अशा वेळी खेड्यातली माणसं काय म्हणतात? 'नजर गेली' म्हणतात, 'अंधारी आली' म्हणतात. आणि जरा जाणता माणूस असेल तर तो म्हणतो, 'नस सुकली.' एवढं म्हटलं की बोलणं संपलं. सुकलेल्या नशीवर कोण काय करणार? ती व्यक्ती ओटीवर बसून राहते आणि घर पुढे चालू लागतं.

आज तुम्हांला सांगायचा आहे तो या 'सुकलेल्या नशी'चा इतिहास. बाहुलीच्या पलीकडे पाहायला माणूस केव्हा शिकला, तिथल्या रोगांवर इलाज केव्हा सापडले, आणि ही विद्या ठाणे जिल्ह्याच्या शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांच्या वाटेला लागली तेव्हा कुठे अडखळली, हे पाहू. हा इतिहास नुसता ऐकून सोडून देण्याजोगा नाही. कारण त्यातल्या एका जुन्या सवयीपायी आजही डोळे जात आहेत.

आधी मुलूख पाहू. शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. शहापूर मुंबई-आग्रा रस्त्यावर. त्याच्या डोक्याशी माहुलीचा किल्ला. मुरबाडच्या माथ्यावर माळशेज आणि नाणेघाट. कल्याण बंदरातला माल प्राचीन काळी याच नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे. कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशी इथली वस्ती. पावसाळ्यात भाताची शेती. आणि ती संपली की कित्येक कुटुंबं, विशेषतः कातकरी, वीटभट्ट्यांवर जायला निघतात.

आगगाडी इथे फार लवकर आली. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला गाडी सुटली, १८५५ साली ती वासिंदला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोचली. मुरबाडकडे मात्र रूळ वळले नाहीत; तिथल्या माणसाला तीसेक किलोमीटरवरचं कल्याण गाठावं लागलं. १८९२ साली तानसाचं धरण झालं आणि शहापूरचं पाणी मुंबईच्या नळांतून वाहू लागलं. म्हणजे मुंबई काही दूरदेशी नव्हती. पण पाणी उताराने आपोआप जातं, माणसाला मुद्दाम जावं लागतं. आंधळा माणूस एकटा जाऊ शकत नाही. त्याच्याबरोबर हात धरायला एक धडधाकट माणूस लागतो. दोघांचं गाडीभाडं आणि एकाची बुडालेली मजुरी, असा तो हिशेब होता. डोळ्याच्या इलाजाच्या इतिहासात हा हिशेब पुस्तकांत लिहिलेला सापडत नाही. पण तो विसरून चालणार नाही.

आता विद्येकडे वळू. आपल्या देशात नेत्रवैद्यक जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या रोगांचं सविस्तर वर्णन आहे. मोतीबिंदूवर सुईची शस्त्रक्रिया त्यात सांगितली आहे, आणि नक्तांध्यावर, म्हणजे रातांधळेपणावर, बोकडाचं यकृत खायला सांगितलं आहे. यकृतात 'अ' जीवनसत्त्व असतं आणि दृष्टिपटलातला जो रंगद्रव्याचा थर अंधुक प्रकाशात काम करतो, तो या जीवनसत्त्वावाचून तयार होत नाही. हे कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. कारण ठाऊक नव्हतं, पण औषध बरोबर होतं.

सुईच्या शस्त्रक्रियेचं तसं झालं नाही. त्या क्रियेत गढूळ झालेलं भिंग बाहेर काढत नसत. सुईने खाली ढकलून डोळ्याच्या पोकळीत पाडत. बाहुली क्षणात काळी होई आणि रोग्याला समोर धरलेली बोटं दिसत. गावोगाव हिंडणारे लोक ही कला पोटासाठी करीत. पण सुई शुद्ध नसे, आणि ज्या पोकळीत ती शिरे तिथे जंतूंना अडवणारं काही नसे. दोन-चार दिवसांत डोळा ठणकू लागे, पापणी सुजे, आत पू होई आणि उजेडही दिसेनासा होई. तोवर सुईवाला पुढच्या गावी गेलेला असे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी असे बिघडलेले डोळे शेकड्यांनी तपासले आणि १९१७ साली त्यांवर लंडनमध्ये व्याख्यानं दिली. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग हा आपल्याकडे असा फार जुना शत्रू आहे. त्याला नाव नव्हतं, एवढंच.

सुईवाला असो की शिकलेला डॉक्टर असो, एक अडचण दोघांनाही सारखीच होती. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत काय आहे, हे कुणालाच दिसत नव्हतं. बाहुली काळी का दिसते? दिवसा रस्त्यावरून घराच्या खिडकीकडे पाहा. आत माणसं वावरत असतात, चूल पेटलेली असते. पण बाहेरून नुसता काळोख दिसतो. आत पाहायचं तर आत उजेड टाकायला हवा. डोळ्याची गंमत अशी की, आत गेलेला उजेड ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत फिरतो. तो पकडायला दिव्याच्या जागी आपला डोळा ठेवावा, तर आपलंच डोकं दिव्याच्या आड येतं!

ही कोंडी फोडली जर्मनीतल्या क्योनिग्सबेर्गच्या हेर्मान फॉन हेल्महोल्ट्स या प्राध्यापकानं. आपल्या विद्यार्थ्यांना हा चमत्कार समजावून सांगताना त्याला युक्ती सुचली. काच आरशासारखा उजेड परतवतेही आणि तिच्यातून आरपार दिसतंही. त्याने काचेचे पातळ तुकडे तिरपे बसवले. बाजूला ठेवलेल्या दिव्याचा उजेड त्यांवरून रोग्याच्या डोळ्यात पाठवला आणि परतणारा उजेड त्यांतूनच आरपार पाहिला. हे १८५० साली घडलं. १८५१ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. नेत्रदर्शक म्हणतात ते हे यंत्र.

आत काय दिसलं? नारिंगी तांबूस रंगाचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल. त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या. एका बाजूला फिकट गोल ठिपका. तिथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते. कातडी न कापता जिवंत रक्तवाहिन्या उघड्या पाहता येतात अशी ही जागा. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांच्यासारखे नेत्रवैद्य लगेच कामाला लागले. थोड्याच वर्षांत व्हिएन्नाच्या एदुआर्द येगर यांनी मधुमेह्याच्या दृष्टिपटलावरचे डाग चितारले. आजवर जे एकच 'अंधत्व' होतं, त्यातून वेगवेगळे रोग निघू लागले.

योगायोग पाहा. त्याच १८५१ साली मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पहिली तुकडी बाहेर पडली आणि तीत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुढे कावसजी जहांगीर रेडिमनी यांच्या देणगीतून भायखळ्याला डोळ्यांचं स्वतंत्र रुग्णालय उभं राहिलं. तेच आज जे. जे. समूहातलं सर कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय. नवं यंत्र आणि नवे डॉक्टर, दोन्ही मुंबईत आले.

परंतु पाहता येणं वेगळं आणि बरं करता येणं वेगळं. यंत्र निघाल्यावर सत्तर वर्षं अशी गेली की डॉक्टरला रोग दिसे. इलाज मात्र नसे. दृष्टिपटल सुटण्याचा रोग घ्या. मातीच्या भिंतीच्या भेगेतून पावसाचं पाणी गिलाव्यामागे शिरावं, गिलावा फुगावा आणि पोपडा सुटून यावा, तसा हा प्रकार आहे. डोळ्यात विजा चमकल्यासारख्या वाटतात, काळे ठिपके किंवा जाळी तरंगते, आणि मग एका कडेनं काळा पडदा सरकत येतो. दुखत काहीच नाही. रोग्याला महिनोन्महिने पाठीवर निजवून ठेवण्यापलीकडे डॉक्टर काही करू शकत नसत.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे झ्यूल गोनँ यांनी सांगितलं, की पाणी शिरतं ती भेग शोधा. ती बुजवल्यावाचून पडदा चिकटणार नाही. त्यांनी पहिल्या महायुद्धानंतर तापल्या हत्याराने नेमकी ती भेग डागायला सुरुवात केली. लोकांनी त्यांची टवाळी केली. पण १९२९ च्या आम्स्टरडॅमच्या परिषदेत जगानं त्यांचं म्हणणं मान्य केलं. या कामात एक गोष्ट सिद्ध झाली, ती लक्षात ठेवा. पडदा सुटल्यावर रोगी जितका लवकर येईल, तितकी दृष्टी जास्त वाचते. नजरेचा मध्यबिंदू सुटण्याआधी येईल, तर बहुतेक सारी वाचते.

पुढची पायरी ग्रहणानं दाखवली. ग्रहणाकडे, आपल्या खेड्यांतल्या बोलीत गिऱ्हाणाकडे, उघड्या डोळ्यांनी पाहू नये, असं आपल्या आजीबाई सांगत. ते सर्वस्वी खरं आहे. सूर्याची प्रतिमा दृष्टिपटलावर एकवटते आणि तिथे भाजतं. ९ जुलै १९४५ च्या ग्रहणात असा डोळा भाजलेला एक विद्यार्थी गेर्ड मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरच्या पाहण्यात आला. इतर कुणी हळहळून सोडून दिलं असतं. या गृहस्थाच्या मनात आलं, की उजेडानं इतका नेमका डाग पडतो, तर त्या डागानं भेग का बुजवू नये? त्याने आधी सूर्यप्रकाशच आरशांनी डोळ्यात सोडला आणि मग झेनॉन वायूच्या दिव्याचं यंत्र बनवून घेतलं. १९६० साली लेसर किरणांचा शोध लागला आणि १९६८ पासून आर्गॉन लेसर या कामी रूढ झाला. डोळा न कापता बाहुलीतूनच आत डागता येऊ लागलं. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीनं दाखवलं, की वाढलेल्या मधुमेही दृष्टिदोषात लेसर वेळीच दिला तर नजर अगदी जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो.

डोळ्याची पोकळी एका पारदर्शक, चिकट द्रवानं भरलेली असते. त्यात रक्त साचलं किंवा पू झाला तर पूर्वी हात टेकावे लागत. १९७० साली मायामीच्या रॉबर्ट माखेमर यांनी सुईएवढ्या छिद्रातून तो द्रव कापून, शोषून, त्या जागी दुसरं पाणी भरण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आपल्याकडे हिचं मोल फार. कारण ईल्सचा रोग आपल्या देशात पुष्कळ दिसतो. हेन्री ईल्स यांनी तो १८८० साली बर्मिंगहॅममध्ये वर्णिला. धट्ट्याकट्ट्या तरुण माणसाच्या डोळ्यात आत रक्तस्राव होतो आणि एका रात्रीत दिसेनासं होतं. त्याचा क्षयाच्या जंतूंशी संबंध असावा, असं बरेच डॉक्टर मानतात.

तेव्हा १९७० च्या आसपास अवस्था अशी होती की आतला रोग दिसत होता आणि त्यावर इलाजही होते. मग शहापूर-मुरबाडच्या ओटीवरचा माणूस ओटीवरच का राहिला?

इथे ती जुनी सवय येते. तिचं नाव आहे 'पिकू द्या.'

मोतीबिंदू पिकल्यावर काढावा, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. ही समजूत अडाणीपणाची नव्हे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ती एके काळी डॉक्टरांनीच शिकवली आणि तेव्हा ती बरोबर होती. फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी १७४७ साली भिंग बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्या पद्धतीत कच्च्या मोतीबिंदूचा चिकट गर आत राहून डोळा बिघडे. पिकलेला सुटून येई. शिवाय भिंग काढल्यावर रोग्याला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. त्या चष्म्यानं जग मोठं आणि वाकडं दिसे. म्हणून अगदी दिसेनासं होईपर्यंत थांबण्यात शहाणपणा होता.

याच शहाणपणावर शिबिरांची उभारणी झाली. विजापूरकडचे डॉ. एम. सी. मोदी यांनी १९४० नंतरच्या दशकापासून गावोगाव जाऊन मोफत शस्त्रक्रिया केल्या. १९५६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देशात ठिकठिकाणी शाळेच्या वर्गांत, धर्मशाळांत, बाकांवर माणसं निजवून शस्त्रक्रिया होत. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं मोतीबिंदूची मोठी मोहीम निघाली आणि तीत महाराष्ट्रही होता. पूर्वी जे. जे. त असलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी आदिवासी भागांत आणि आनंदवनात घेतलेली शिबिरं तर आपल्या परिचयाचीच आहेत. लाखो माणसांना यातून पुन्हा दिसू लागलं. या कामाला हात जोडावेत, इतकं ते मोठं आहे.

पण शिबिराच्या रांगेत निवड कशी होई? विजेरीचा झोत डोळ्यावर टाकायचा. बाहुली पांढरी दिसली तर माणूस गाडीत बसे. बाहुली थोडी मळकट दिसली तर सांगत, 'अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी या.' आणि बाहुली काळीच दिसली तर? तर तोच निकाल: 'नस सुकली.' दृष्टिपटल सुटलेला, मधुमेहानं आत रक्त साचलेला, काचबिंदूनं खरोखरच नस गेलेला, असे सारे जण या एका शब्दाखाली परत पाठवले जात. विजेरीला बाहुलीच्या पलीकडचं दिसत नाही, यात त्या कार्यकर्त्यांचा दोष नव्हता. परंतु परतलेल्या माणसानं गावात जे सांगितलं, ते गावाच्या मनात बसलं: पांढरं झालं तर बरं होतं, काळं राहिलं तर देवाची इच्छा, आणि कसंही असो, थांबायला हरकत नाही.

वास्तविक थांबण्याचं कारणही आता उरलेलं नाही. १९४९ साली लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं, १९६७ साली अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढण्याची रीत आणली. आता जाड चष्मा नको आणि पिकण्याची वाटही नको. उलट फार पिकलेलं भिंग फुटून डोळ्याचा दाब वाढतो, डोळा लाल होऊन ठणकतो. आणखी एक गोष्ट: भिंग पूर्ण पांढरं झालं की त्याच्या मागचं दृष्टिपटल डॉक्टरलाही दिसत नाही, तपासायला सोनोग्राफीचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे 'पिकू द्या' म्हणताना आपण खिडकी स्वतःच्या हातानं लावून घेतो.

दृष्टिपटलाला तर थांबणं ठाऊकच नाही; आणि आतल्या जंतुसंसर्गाला दिवस नव्हे, तास पुरतात. आपल्या भातशेतीच्या मुलखात त्याला दारं पुष्कळ आहेत. दिवाळीच्या सुमारास झोडणी सुरू होते. लोंबीचं कुसळ, भाताचं धारदार पान डोळ्याला लागतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, अशी म्हण आहे खरी. पण खळ्यावर ते स्वतःच्या डोळ्यात असतानाही कुणी लक्ष देत नाही. त्या बारीक जखमेत बुरशी रुजते. मग कुणी आईचं दूध घालतं, कुणी पाल्याचा रस पिळतं, कुणी दुकानातून लाली घालवणारे थेंब आणतं. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली कमी होते आणि बुरशी जोमानं वाढते. बुबुळ सडून रोग आत उतरला, म्हणजे तोच सुईवाल्याच्या काळचा पू.

लावणीच्या दिवसांत वेगळा धोका असतो. उंदरांच्या मुत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि पुढे काही महिन्यांनी डोळा आतून सुजतो. १९९३ च्या पुरानंतर मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयात अशा डोळ्यांची रीघ लागली, तेव्हा हा संबंध आपल्या देशात ठळकपणे पुढे आला. गुडघाभर चिखलात उभं राहणाऱ्या माणसानं हे ध्यानात ठेवायला हवं, आणि त्याच्या डॉक्टरनंही.

तिसरं दार शस्त्रक्रियेचं. चांगल्या रुग्णालयातही क्वचित एखाद्या डोळ्यात जंतू शिरतात; जिथे स्वच्छतेची हेळसांड होते तिथे एका दिवसात कित्येक डोळे जातात. २०१५ साली मध्य प्रदेशातल्या बडवानीला असंच घडलं. म्हणूनच शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया करण्याचे दिवस गेले. आता शिबिरात तपासणी करायची आणि शस्त्रक्रियेला रुग्णालयात न्यायचं, ही रीत पडली आहे.

आतल्या या संसर्गावर गोळ्या आणि थेंब का पुरत नाहीत? रक्त आणि डोळा यांच्यामध्ये निसर्गानं गाळणी बसवली आहे. एरवी ती डोळ्याचं रक्षण करते. पण अशा वेळी औषधालाही अडवते. म्हणून औषध सुईने थेट डोळ्याच्या पोकळीत सोडतात. १९९५ साली अमेरिकेत मोतीबिंदूनंतरच्या संसर्गाचा मोठा अभ्यास पुरा झाला. ज्यांना निदान समोर हललेला हात दिसत होता, त्यांना हे इंजेक्शन पुरेसं ठरलं. ज्यांना नुसता उजेड कळत होता, त्यांना आतला द्रव काढण्याची शस्त्रक्रिया लगेच केल्याने जास्त फायदा झाला. या दोन अवस्थांमध्ये अंतर किती असतं? कधी कधी एका रात्रीचं. मुरबाडच्या आतल्या पाड्यावरचा माणूस संध्याकाळी म्हणाला, 'सकाळच्या एस. टी. नं जाऊ', तर एवढ्यात तो एका अवस्थेतून दुसरीत गेलेला असतो.

आता दोन नव्या गोष्टी. मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग, असं आपण समजत आलो. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेह्यांपैकी १६.९ टक्के लोकांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाची खूण सापडली. सुरुवातीला यात नजर कमी होत नाही. म्हणून दिसत असतानाच डोळा आतून तपासायचा असतो. लेसर आहेच; २००५-०६ पासून डोळ्यात देण्याची नवी इंजेक्शनंही आली. प्रकाशलहरींनी पडद्याचे थर दाखवणारं यंत्र १९९१ साली जगापुढे आलं, आणि आता तर पडद्याचं छायाचित्र काढून ते दूरच्या डॉक्टरकडे क्षणात पाठवता येतं. हेल्महोल्ट्सच्या दिव्याला असे लांब हात फुटले आहेत.

दुसरी गोष्ट अपुऱ्या दिवसांच्या बाळांची. पूर्वी अशी बाळं जगत नसत; आता ती काचेच्या पेटीत जगतात आणि घरी येतात. त्यांच्या दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढून सोडवतात. दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायचे, असा नियम आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा रोग धरला आहे. त्या तीस दिवसांतच आई भट्टीवर गेली, तर बाळ बघतं की नाही हे कळेपर्यंत इलाजाची वेळ निघून गेलेली असते.

देशातल्या अंधत्वाचं प्रमाण २००६-०७ च्या पाहणीत शेकडा १ होतं. २०१५-१९ च्या पाहणीत ते ०.३६ भरलं. पांढऱ्या बाहुलीवर आपण पुष्कळ विजय मिळवला, हे त्याचं मुख्य कारण. राहिली आहे ती काळी बाहुली.

वाचकहो, तुमच्या घरात, पाड्यात, शाळेत चार गोष्टी सांगत चला. डोळ्यासमोर एकाएकी विजा चमकल्या, काळी जाळी तरंगली किंवा पडदा सरकत आला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी निघायचं. शस्त्रक्रियेनंतर किंवा कुसळ लागल्यानंतर डोळा ठणकून लाल झाला आणि नजर उतरली, तर रात्र काढायची नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा औषध घालून, बाहुली मोठी करून, आतून डोळा तपासून घ्यायचा. आणि कमी वजनाचं बाळ असेल तर तीस दिवस बोटांवर मोजायचे. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून पुढे ठाणे आणि जे. जे. यांची वाट आहे. तिथे गेल्यावर एवढंच विचारा: 'डॉक्टर, पडदा पाहिलात का?'

नस खरोखर सुकते, नाही असं नाही. पण तो निकाल आत पाहिल्यावर द्यायचा असतो, बाहेरून नव्हे. १८५१ पासून आत पाहण्याची सोय झालेली आहे. ओटीवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत ती वापरली गेली की नाही, हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. त्याचा हात धरून एस. टी. त बसवणारं घरचं कुणीतरी असावं लागतं.